रबरी विजार

१

रविवारी सकाळी सहा वाजता मावशी इस्त्रीचे चार पांढरे झगे हातावर घेऊन हौदाच्या खोलीत शिरली, आणि तिला आधी वाटलं, पाण्यात कोणीतरी पाचवा झगा विसरलंय.

हौद चर्चच्या मागच्या अंगाला. सात दगडी पायऱ्या, छातीभर पाणी. बाप्तिस्मा घेणाऱ्यानं त्यात उतरायचं, पाळकानं पाठीला हात देऊन त्याला पाण्याखाली न्यायचं आणि वर काढायचं. त्या दिवशी चौघांचा बाप्तिस्मा होता म्हणून चार झगे. पाचव्याचं काही कामच नव्हतं.

तो झगा तळाशी शहाण्या मुलासारखा गप्प बसला होता. बसणारच. चर्चची शिंपीण म्हणून एकतीस वर्षं मावशीच तर झग्यांच्या घेरात शिशाचे मणी शिवत आली होती, पाण्यात झगा छत्रीसारखा फुगू नये म्हणून. आपलं शिवण किती सरळ बसलंय हे तिच्या आधी नजरेत भरलं. मग बाही दिसली. मग बाहीतून आलेला हात. त्या हाताची करंगळी वाकडी होती, आणि तशी वाकडी करंगळी अख्ख्या मंडळीत एकाच माणसाची.

मावशी जी किंचाळली, ती म्हणे तीन गल्ल्या पलीकडचा ठार बहिरा घड्याळजी उठून दार उघडायला गेला.

पहिला धावत आला तो दादा. मावशीचा सख्खा थोरला भाऊ, चर्चचा राखणदार. अंगावरच्या कपड्यांनिशी तो पाण्यात उतरला आणि लहान मूल उचलावं तसं थोरल्या पाळकांना उचलून त्यानं पायरीवर ठेवलं. ठेवताना झगा गुडघ्यांवरून सरकला.

आत काळं रबर होतं. छातीपर्यंत येणारी, बूट जोडलेली रबरी विजार, खोल पाण्यात मासे धरणारे घालतात तसली. पाण्यानं भरून ती पखालीसारखी टरारली होती.

"चिमणे," दादा कापऱ्या आवाजात म्हणाला. साठीच्या बहिणीला तो अजून चिमणीच म्हणायचा. "अगं, हे काय घातलंय यांनी?"

मावशी बघतच राहिली. रडायचंही विसरली. कारण थोरल्या पाळकांनी ती विजार जन्मात कधी पायात घातली नव्हती.

२

फौजदार बाहेरून बदलून आलेला, तिशीतला, झोप अर्धी राहिलेला माणूस. त्यानं रविवारच्या शाळेचा वर्ग ताब्यात घेतला. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागायला आले. डॉक्टर येऊन गेले होते. डोक्याला मागून मार आहे, पण त्यानं माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. तोंडाला फेस आहे. म्हणजे बुडूनच गेले. वेळ काल संध्याकाळची, पाच ते सात.

"सरळ आहे," फौजदार म्हणाला. "म्हातारा माणूस पाण्याचा अंदाज घ्यायला उतरला. पाय घसरला, डोकं आपटलं, विजारीत पाणी शिरलं. वर येता आलं नाही."

"पण ते ही विजार घालायचे नाहीत हो," दादा म्हणाला.

"म्हातारपणी थंडी वाजते."

"मीच आग्रह केला होता." दारातून आवाज आला.

धाकटे पाळक. दोन वर्षांपूर्वी आले ते मदतनीस म्हणून, आणि सहा महिन्यांत सूर्य होऊन बसले. उंच, देखणे, आवाज असा की म्हणे एकदा ते 'शांत व्हा' म्हणाले तर रस्त्यावरच्या भांडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. त्यांचे संदेश फोनवर लाख लाख माणसं बघायची. मंडळी त्यांना पाठीमागे 'लाखवाले' म्हणायची. पुढून म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. ते आल्यापासून बाप्तिस्माही तेच द्यायचे, कॅमेऱ्यासमोर. पाण्यातून निघालं की झगा काढायचा, विजार काढायची, आत कडक इस्त्रीचा सूट कोरडा, आणि दोन मिनिटांत व्यासपीठावर. ती विजार आणली होती ती त्यांच्याचसाठी.

"थोरले म्हणाले, उद्या एकदा मलाही पाण्यात उतरू दे," धाकटे पाळक डोळे पुसत म्हणाले. "मी म्हटलं, बाबा, निदान विजार तरी घाला. माझंच चुकलं."

"तुम्ही काल संध्याकाळी कुठे होता?" फौजदारानं उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं. "शनिवारी पाच ते साडेसहा यांची थेट प्रार्थना असते, साहेब. दीड लाख लोकांनी पाहिलंय. मी स्वतः मावशींकडे बसून बघत होते. माझ्या बहिणीचा आज बाप्तिस्मा आहे ना, तिच्या झग्याची उंची कमी करायची होती. विचारा यांना."

"खरं आहे," मावशी म्हणाली. "दोऱ्यांच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता. इकडे भिंतीतला नळ धाडधाड वाजत होता, हौद भरत होता ना. मी म्हटलंसुद्धा, आवाज वाढवा जरा."

"तुम्ही चर्चच्या आवारातच राहता?"

"मागच्या दोन खोल्यांत. मी आणि दादा."

फौजदार दादाकडे वळला. "हौदाच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे. नळ तुम्ही सोडला तीनला. बंद केला सातला. तेव्हा आत डोकावला नाहीत?"

"नळाची चावी बाहेर अंगणात आहे, साहेब. चार तासांत हौद भरतो. ठरलेलंच आहे."

"वरून फळ्या टाकायच्या असतात म्हणे. त्या टाकल्या नाहीत."

दादा खाली बघत राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, न आलेल्या धड्याला उभा केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"हलगर्जीपणानं मृत्यू," फौजदारानं कागदावर लिहिलं. "उपासना झाली की तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. तोवर या खोलीतून हलायचं नाही."

३

उपासना नऊची अकरावर गेली. रद्द होईल असं मावशीला वाटलं होतं, पण धाकट्या पाळकांनी सांगितलं, थोरल्यांच्या आठवणीत बाप्तिस्मा झालाच पाहिजे. हौद उपसला, घासला, आणि साडेसातला पुन्हा नळ सोडला. बातमी फोनवरून पसरली होती. आज दोन लाख बघतील, असं कॅमेरेवाला कोणाला तरी सांगत होता.

मावशी अंगणात नुसती उभी होती. हातांना सवयीनं काहीतरी घडी घालायला हवं होतं, म्हणून तिनं दोरीवर निथळत टाकलेली ती रबरी विजार हातात घेतली.

आणि तिच्या हातांना कळलं. डोक्याला कळायच्या आधी शिंप्याच्या हातांना कळतं.

विजारीचे पट्टे खांद्यांवरून मागे जायचे आणि त्यांचं बक्कल पाठीवर, दोन खवाट्यांच्या बरोबर मध्ये. मागच्या बाजूनं बटणं असलेलं पोलकं जसं दुसऱ्याकडूनच लावून घ्यावं लागतं, तसं हे. धाकटे पाळक एवढे लांब हातांचे, पण दर वेळी कोणाला तरी हाक मारायचे, "अरे, मागचं लावा रे." आणि थोरल्यांचा तर उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कोट घालायलाही त्यांना माणूस लागायचा.

सकाळी मात्र ते बक्कल घट्ट लावलेलं होतं. तिनं स्वतः दादाला ते सोडवताना पाहिलं होतं.

म्हणजे थोरले एकटे नव्हते. त्यांना कोणीतरी ती विजार घातली होती.

मावशी धापा टाकत वर्गात गेली आणि सगळं एका दमात फौजदारापुढे ओतलं. फौजदार पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा दिसला. त्यानं विजार मागवली, स्वतःच्या अंगावर धरून पाहिली, हात मागे नेऊन पाहिला.

"बरोबर आहे तुमचं, बाई. कोणीतरी होतं." मग त्यानं सावकाश दादाकडे पाहिलं. "किल्ली ज्याच्याकडे होती, तो."

कागदावर आधीचं वाक्य होतं. त्यानं ते खोडलं आणि त्याच्याखाली नवीन लिहायला घेतलं. मावशीला उलटं वाचता यायचं नाही, पण 'खून' हा शब्द कुठल्याही बाजूनं कळतो.

भावाला सोडवायला गेलेली बहीण त्याच्या गळ्यात फास अडकवून उभी होती.

४

"पाच मिनिटं द्या भावाशी बोलायला," ती म्हणाली. फौजदार दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"दादा, नीट सांग. काल आत कोणाला सोडलंस?"

"थोरल्यांनाच. पावणेपाचला आले. म्हणाले, दार उघडून ठेव, मला इथं कोणाशी दोन शब्द बोलायचेत. मी म्हटलं, हौदाच्या खोलीत? तर म्हणाले, इथं कॅमेरा नाही म्हणून." दादानं नाक पुसलं. "हसून म्हणाले. पण चेहरा बरा नव्हता, चिमणे."

"आणि तू?"

"मी मग पाचची घंटा द्यायला गेलो, तिथून पुढचं अंगण झाडलं. पाहिलं नाही मला कोणी. झाडणाऱ्याकडे कोण बघतं?"

मावशी त्याच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीत बसली. खुर्ची कुरकुरली.

"तू घातली नाहीस ना रे ती विजार त्यांना?"

"वेडी आहेस का? मी घालेन? त्यांना?" दादाला रागच आला. "नवीन आली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही घालून बघा, संधिवात आहे. तर म्हणाले, अरे, समोरचा माणूस नखशिखांत भिजणार, आणि मी त्याचा हात धरून कोरडा उभा राहू? मला लाज वाटेल. तू त्यांच्या भिजलेल्या पँटी किती वर्षं वाळत घातल्यास, तुलाच ठाऊक."

मावशीला ठाऊक होतं. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तेवढंच पुरेसं आहे.

ज्यानं कोणी थोरल्यांना ती विजार घातली, त्याला वाटलं, पाण्यात उतरणारा पाळक म्हणजे विजार घालणारच. म्हणजे त्यानं थोरल्यांना बाप्तिस्मा देताना कधी पाहिलेलंच नव्हतं. जुन्या मंडळीतलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. ही चूक गेल्या दोन वर्षांत आलेल्यांचीच. तशी माणसं आवारात तीन. धाकटे पाळक, त्यांची बायको, कॅमेरेवाला.

बायको पाच ते साडेसहा मावशीच्या समोर बसली होती. कॅमेरेवाल्याचा उजवा हात पंधरा दिवस प्लास्टरमध्ये, स्टेजवरून पडला होता. त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती, निपचित पडलेल्या माणसाला रबरात कुठून घालणार?

आणि धाकट्या पाळकांच्या बाजूनं दीड लाख साक्षीदार. त्यातली एक ती स्वतः.

५

रेकॉर्डिंगची खोली हौदाच्या खोलीला लागून. मधली भिंत एकच. कॅमेरेवाला डाव्या हातानं तारा जोडत बसला होता.

"काय रे, हात मोडला, जीभ शाबूत आहे ना?"

"मावशी, आज नको. डोकं फिरलंय माझं. साहेबांना अकराच्या आधी थोरल्यांवर दोन मिनिटांचं काहीतरी हवंय. फोटो, मागे संगीत. आणि रेकॉर्ड कसं करू?"

"का? यंत्र बिघडलं?"

"ऐका ना."

ती ऐकू लागली. भिंतीतून आवाज येत होता. धाड. थोडं थांबून पुन्हा धाड, धाड. जुना नळ, आत हवा अडकलेली. हौद भरत असेपर्यंत भिंतीत कोणी तरी बुक्क्या मारत असल्यासारखं वाटायचं.

"हौद भरत असला की इथं माईक लावायचाच नाही," कॅमेरेवाला म्हणाला. "शब्दागणिक धाडधाड येतं. चार तास काम बंद."

मावशी हळूच स्टुलावर बसली.

"मग काल पाच वाजता रे?"

"काल काय?"

"काल तीन ते सात हौद भरत होता. माझ्या भिंतीत धाडधाड. आणि फोनमधून पाळकसाहेबांचा आवाज कसा, लोण्यावरून सुरी. त्यातून एकदाही धाड आलं नाही. मी आवाज वाढवायला लावला होता, मी ऐकलंय."

कॅमेरेवाल्याच्या हातातली तार खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"तुझ्या आईची पाठ दुखते ना? तिच्या उशीचे अभ्रे मी शिवते. खोटं बोललास तर तिला जाऊन सांगेन."

"मावशी, मी फक्त बटण दाबतो." तो एकदम लहान दिसायला लागला. "तीन महिने झाले. साहेब थकतात. शुक्रवारीच भरून ठेवतो आणि शनिवारी सोडतो. खाली लोक लिहीत असतात, माझा मुलगा आजारी आहे, माझं घर मोडतंय. आणि दर दहा मिनिटांनी साहेब डोळे मिटून म्हणतात, 'मी तुझा निरोप वाचतोय, ताई.' नाव घ्यायचं नाही. कुठे ना कुठे एखादी ताई असतेच. तिला वाटतं, आपल्यालाच."

मावशीला कालचं आठवलं. समोर बसलेल्या पाळकीणबाईंनी फोनवर काहीतरी लिहिलं होतं, आणि नेमकं तेव्हा ते वाक्य आलं होतं, आणि त्या पोरीनं ओठांवर हात ठेवून डोळे पुसले होते. पाच वर्षं झाली लग्नाला, कूस उजवली नाही, म्हणून लिहिलं असेल. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला.

"थोरल्यांना कळलं होतं?"

"शुक्रवारी आत आले अचानक. काही बोलले नाहीत. मला म्हणाले, तू जेवलास का? बस. मग साहेबांकडे नुसतं बघितलं."

"आणि काल पाचला तू बटण दाबलंस, आणि मग?"

"मी घरी गेलो."

"आणि तुझे साहेब?"

कॅमेरेवाल्याची नजर मावशीच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती.

"मावशी," मागून तो लोण्यासारखा आवाज आला. "जरा माझ्या खोलीत येता? झग्याचं काम आहे."

६

पाळकांच्या खोलीत मोठा आरसा होता. तो थोरल्यांच्या वेळी नव्हता. धाकट्या पाळकांनी दार लावून घेतलं. बाहेर माणसं जमायला लागली होती, खुर्च्या सरकत होत्या, आणि त्या गजबजाटात इथं कोणी ओरडलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. मावशीच्या गळ्यात मोजपट्टी होती. तिनं ती काढून मुठीत धरली. का, ते तिलाही कळलं नाही.

"किती ऐकलंत तुम्ही?" ते दारातून न हलता म्हणाले.

"मी काय विचारते ते आधी ऐका. काल पाचला तुम्ही हौदावर गेलात ना?"

"मावशी, तुम्ही स्वतः मला बघितलंत."

"शुक्रवारचे तुम्ही बघितले मी. शनिवारचे कुठे बघितले? शनिवारी तुम्ही बोलला असता तर तुमच्या प्रत्येक शब्दावर नळानं बुक्की मारली असती."

धाकटे पाळक हसायला गेले. चेहरा हसला, डोळे तिथेच राहिले. ते एक पाऊल पुढे आले. मावशी मागे सरकली, पाठ कपाटाला टेकली.

"म्हातारी माणसं ना तुम्ही सगळी," ते हळू म्हणाले. "तुम्हाला वाटतं, मी माझ्यासाठी करतो. दीड लाख लोक, मावशी! थोरल्यांनी आयुष्यभरात चारशे माणसांना सांगितलं, मी एका संध्याकाळी दीड लाखांना. आणि ते म्हणतात, उद्या व्यासपीठावरून कबूल कर, की हे थेट नव्हतं. कॅमेरा बंद कर. वर्षभर दवाखान्यातल्या आजाऱ्यांपाशी बैस, कोणाला न सांगता. वर्षभर! लोक विसरले असते मला."

"मग ढकललंत?"

"नाही!" ते एकदम ओरडले, आणि पुन्हा आवाज खाली आणला. "त्यांनी माझा हात धरला होता. मी झटकला. एवढंच. ते पायरीवर मागे पडले. देवाशपथ, एवढंच. उठलेच नाहीत."

"श्वास बघितलात?"

त्यांनी स्वतःची कॉलर मुठीत चुरगळली.

"नाकाशी हात धरलात? छातीला कान लावलात? साधं पाणी मारलंत का तोंडावर? अर्धा हौद भरला होता शेजारी."

"ते गेले होते."

"डॉक्टर म्हणाले, बुडून गेले. डोक्याच्या मारानं नाही." मावशीचा आवाज फुटला. "पाण्यात टाकलंत तेव्हा जिवंत होते ते. तुम्ही त्यांना रबर घातलंत, बक्कल लावलंत, वरून माझा झगा चढवलात, घेर सारखा केलात. एवढा वेळ त्यांचा श्वास चालू होता, आणि तुमचा हात एकदाही तिथे गेला नाही?"

बाहेर पेटीवर कोणीतरी सूर धरून बघत होतं. धाकटे पाळक खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर. त्यांचं तोंड उघडं होतं. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी नीट ऐकलंच नव्हतं. त्या वेळी ते दाराबाहेर उभे राहून डोळे कसे पुसायचे ते बघत असतील.

"मला वाटलं..." ते म्हणाले, "पाण्यात उतरताना पडले असं दिसायला हवं. लोकांना काय दिसेल, तेवढंच डोक्यात होतं. विजार खुंटीला होती. कोण माणूस विजारीशिवाय उतरेल पाण्यात?"

"तुम्ही नाही उतरणार," मावशी म्हणाली. "तिथेच तर सापडलात."

७

दार उघडलं. दारात पाळकीणबाई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"माझा निरोप वाचला होतात का तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. ती भिंतीला धरून बसली. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रड बाळा, मी आहे."

मग एक गोष्ट अशी घडली की तिच्या आठवणीनं मावशीला पुढे कितीतरी दिवस झोप लागली नाही. खून, पाणी, तो हात, त्यातल्या कशाहूनही जास्त भीती तिला त्या क्षणी वाटली.

धाकटे पाळक उठले. आरशात पाहून त्यांनी केस मागे सारले, पण कॉलर मुद्दाम चुरगळलेलीच ठेवली.

"मी सांगतो," ते म्हणाले. "सगळं सांगतो. व्यासपीठावरून. कॅमेरा चालू असू दे. आज दोन लाख लोक आहेत." आणि आवाजात तो कंप आला, प्रत्येक शनिवारी यायचा तोच, नेमका दुसऱ्या वाक्यानंतर. "एक पतित माणूस जगासमोर गुडघे टेकतोय, हे त्यांनी बघायला हवं. कदाचित यासाठीच देवानं मला..."

"थांबा," मावशी म्हणाली.

"मावशी, कबुली द्यायची तर लपून का?"

"गुडघे टेकाल, डोळे गाळाल, आणि उद्या चार लाख होतील. पापाचाही मांडव घालाल तुम्ही." तिनं दाराकडे बोट केलं. "शाळेच्या वर्गात फौजदार बसलाय. तो तुमचं काही बघत नाही, तुम्हाला ओळखतही नाही. त्याच्यासमोर बुटकी खुर्ची आहे, तिच्यावर माझा भाऊ बसलाय. त्याला उठवा आणि तुम्ही बसा. जे काय सांगायचं ते तिथं."

"एकट्यालाच?" त्यांनी खरोखर न कळून विचारलं. "कोणीच नसेल?"

"मी असेन दारात. चालेल?"

दीडशे पावलांचा रस्ता नव्हता तो, जेमतेम तीस पावलं. पण व्यासपीठाचा दरवाजा वाटेत डाव्या हाताला होता, उघडा, आतून प्रकाश येत होता आणि माणसांची कुजबुज. धाकटे पाळक तिथे थबकले. मावशीला वाटलं, गेला हा आता आत. तिनं त्यांना धरलं नाही. साठीची बाई, धरून धरणार किती? ती फक्त त्यांच्या शेजारी उभी राहिली. पलीकडून पाळकीणबाई आली आणि तिनं तो दरवाजा ओढून घेतला.

वर्गात दादा मान खाली घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं, बहिणीचा चेहरा पाहिला आणि न सांगता उठला. बाहेर येताना तो धाकट्या पाळकांच्या अगदी जवळून गेला. दोघांचे खांदे घासले. बहिणीजवळ येऊन त्यानं तिचा हात असा घट्ट धरला की तिची बोटं दुखली.

धाकटे पाळक खुर्चीत बसले. गुडघे वर आले. त्यांनी हात कुठे ठेवायचे ते शोधलं, आणि मग मांडीवर ठेवले.

फौजदारानं नवा कागद घेतला. वर न बघताच विचारलं, "नाव?"

त्यांनी नाव सांगितलं.

फौजदाराची पेन्सिल तशीच थांबून राहिली.

"जरा मोठ्यानं," तो म्हणाला. "ऐकू नाही आलं."